दारावरचं नवं

दिवाळी उलटली की कोकणातल्या पेण-रोह्याच्या परसात बघण्यासारखं काही उरत नाही, असं सर्रास मानलं जातं. गौरीच्या वेळी मान मिळवून गेलेल्या तेरड्याच्या नुसत्या काड्या राहिलेल्या असतात. मांडवावर विसरलेलं घोसाळं वाळतं, त्याची साल भुरभुरते आणि आतली जाळी दिसू लागते. बांधावरचा टाकळा शेंगांनी काळवंडलेला, अंबाडीची बोंडं टोकदार, हात लावू न देणारी. गणपतीतली फुलं गेली, मोगऱ्याला अजून अवकाश आहे. मधले हे महिने बागेच्या हिशेबात भाकड धरायचे. पण याच मुलखातल्या माणसांनी घराच्या मुख्य दारावर वर्षभर ठेवायला म्हणून जी वस्तू निवडली, तिच्यात फुललेलं असं फारसं काही नसतं. ती असते पिकून वाळत चाललेल्या लोंब्यांची जुडी. गंमत अशी की या जून, कोरड्या, खरखरीत जुडीचं नाव आहे 'नवं'.

नवं कोकणात कुठे दसऱ्याला बांधतात, कुठे आश्विनी पौर्णिमेला. कोजागरीच्या त्या पौर्णिमेला म्हणूनच नवान्न पौर्णिमा असंही नाव आहे. शेतातून भाताच्या भरलेल्या लोंब्या आणायच्या, जोडीला नाचणीचं आणि वरीचं कणीस, कुरडूचा तुरा, झेंडूचं फूल घ्यायचं, आंब्याच्या पानात ते सगळं धरायचं आणि सोपटाने किंवा पेंढ्याच्या काडीने आवळून टाकायचं. जिन्नस घरोघर थोडे बदलतात, भाताची लोंबी मात्र बदलत नाही. ही जुडी चौकटीवर चढते, देव्हाऱ्यात बसते, तुळशीपाशी, कणगीवर, नांगरावर, रहाटावर बांधली जाते. हल्ली मोटारसायकलच्या हँडलवरही. झेंडू चार दिवसांत मान टाकतो. आंब्याचं पान आठवड्याभरात वळतं आणि कुरकुरीत होतं. टिकून राहतात त्या लोंब्या, नाचणीची मिटलेली मूठ आणि कुरडूचा तुरा. म्हणजे सजावटीत ताजं म्हणून जे घातलं ते आधी जातं, आणि वाळलेलं पुढच्या आश्विनापर्यंत दारावर राहतं. बांधणाऱ्याला हे ठाऊक नसतं असं नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या तेच बांधत आला आहे.

वाळलेल्या कणसात, बोंडात, तुऱ्यात सौंदर्य असतं ही जाण युरोपातल्या बागकामात तशी अलीकडची. तिथला नेटका माळी पानगळ सरली की वाफे छाटून साफ करायचा. जर्मनीत पॉट्सडॅमजवळच्या बोर्निममध्ये रोपवाटिका चालवणाऱ्या कार्ल फोर्स्टरने गवतांना बागेत मानाची जागा मिळावी म्हणून आयुष्यभर लिहिलं; गवतं आणि नेचे यांवरचं त्याचं पुस्तक १९५७ सालचं. हॉलंडमध्ये पीट औडोल्फ १९८२ साली हुमेलो गावी गेला आणि पुढे त्याने फुलापेक्षा मरून उभ्या राहिलेल्या झाडाच्या बांध्याकडे बघून रोपं निवडायची पद्धत रूढ केली. न्यूयॉर्कच्या जुन्या रेल्वेपुलावर २००९ साली खुली झालेली 'हाय लाइन' ही बाग त्याच नजरेची. तिथे हिवाळाभर बोंडं उभी ठेवतात, त्यांच्यावर हिम धरतं, आणि लोक ते बघायला जातात. पेण-रोह्यात हीच नजर बागेत नव्हती, कारण शोभेची अशी बागच नव्हती. ती शेतात होती, आणि मला मांडायचं आहे ते असं, की ती आवडीनिवडीतून आलेली नसून कामातून आलेली होती. बियाणं निवडणाऱ्याची ती नजर. पुढच्या सालच्या पेरणीसाठी उभ्या पिकातून चांगली लोंबी हुडकायचं काम जोवर घरात होतं, तोवर वाळलेल्या कणसाचं रूप पारखणारे डोळेही घरात होते. ते काम घराबाहेर गेलं आणि नजर मंदावली.

हे काम काय होतं ते नीट बघायला हवं. पेण तालुक्याचा खाडीकडचा पट्टा खारेपाटाचा. खाडीचं पाणी बांध घालून अडवायचं, पावसाने जमीन धुऊ द्यायची आणि मग भात घ्यायचं. बांध राखण्यासाठी इथे शिलोत्री नावाची वेगळी व्यवस्थाच उभी राहिली होती. या जमिनीत लावणी सहसा होत नाही. बी भिजवून, मोड आणून चिखलात फेकतात, त्याला रहू म्हणतात. रोह्याकडे, कुंडलिका नदीच्या वरच्या अंगाला आणि डोंगरपायथ्याला तऱ्हा निराळी: राब भाजायचा, आवण काढायचं, चिखलणी करून लावणी करायची. जमीन दोन जातीची म्हणून भातही दोन जातीचं. खाऱ्या जमिनीत तांबड्या तांदळाचा राता, गोड्या जमिनीत कोळंबा, झिनी, पटणी, वाकसळ. एकाच गावात चार-पाच वाणं, आणि त्यातल्या काहींचे बांध एकमेकांना लागून. अशा वेळी बी शुद्ध ठेवायचं तर भेसळ ओळखता आली पाहिजे, आणि ती ओळखायची वेळ एकच: भात निसवून, दाणा भरून, तूस रंगावर आल्यावरची. हिरव्या रोपात राता आणि झिनी यांच्यातला फरक सांगणारा विरळा. पण पिकल्यावर लोंबी बोलते. एकीच्या तुसावर काळसर झाक, दुसरीची गव्हाळ, तिसरीच्या दाण्याला लांब कुसळ, चौथीची बिनकुसळाची पण अशी गच्च भरलेली की मान थेट खाली. आश्विन-कार्तिकात शेतात शिरून हे सगळं पारखून, चांगल्या लोंब्या वेगळ्या काढून, वाळवून, पेंढ्याच्या मुडीत आवळून ठेवणाऱ्याला त्या लोंबीचा पोत बोटांना पाठ होता.

या पारखीचा पुरावा कागदोपत्रीही राहिला आहे, आणि तो मोठा बोलका आहे. कर्जतला १९१९ साली भात संशोधन केंद्र सुरू झालं, पुढे खाऱ्या जमिनींसाठी पनवेललाही काम सुरू झालं. तिथल्या जुन्या शास्त्रज्ञांनी सुरुवातीला संकर वगैरे केला नाही. त्यांनी शेतकऱ्यांच्या भातातून चांगल्या रोपांच्या लोंब्या एकेक करून उचलल्या, प्रत्येकीचं बी स्वतंत्र ओळीत पेरलं आणि सरस ठरलेल्या ओळीला क्रमांक दिला. झिनी १४९, पटणी ६, कोळंबा ४२, वाकसळ २०७, भाडस ७९ ही नावं तशी झाली. खाऱ्या जमिनीतल्या निवडी तर काळा राता १-२४ आणि भुरा राता ४-१०. क्षार सोसणारे वाण म्हणून भाताच्या जगभरच्या संशोधकांना ही दोन नावं माहीत आहेत. नाव शेतकऱ्याचं, आकडा शास्त्रज्ञाचा. आकड्याआधी उभे असलेले 'काळा' आणि 'भुरा' हे शब्द प्रयोगशाळेतले नाहीत. कुणीतरी वाळत आलेल्या शेताकडे बघून दोन राते वेगळे केले, त्यांना रंगावरून नाव दिलं, आणि शास्त्राने ते नाव तसंच उचललं.

आता पहिला आक्षेप समोर येतो. बी निवडणं हा पोटाचा प्रश्न, त्याला सौंदर्यदृष्टी म्हणणं हा शहरी माणसाचा चोचला. जाड दाण्याची, भरलेली लोंबी शेतकऱ्याला आवडते ती जास्त भात देते म्हणून. आक्षेप खोटा नाही, पण तो कुरडूपाशी अडतो. कुरडू हे शेतातलं तण. कोवळेपणी त्याची भाजी होते खरी, पण आश्विनात त्याचा काही उपयोग उरलेला नसतो. उलट भातात वा नाचणीत माजलं तर नुकसानच. तरी नव्याच्या जुडीत धान्याच्या मांडीला मांडी लावून ते बसतं. का बसतं, हे तुरा हातात घेतल्यावर कळतं. वितीएवढा, निमुळता, टोकाशी गुलाबी आणि खाली येत येत रुपेरी होत गेलेला. त्याच्या पाकळ्या म्हणजे कागदासारखे कोरडे तुकडे, फुलतानाच कोरडे, त्यामुळे झाड मेलं तरी त्यांचं रूप बदलत नाही. बोटांमध्ये चुरगळलं तर जुन्या रेशमी वस्त्रासारखी बारीक कुरकुर होते. आत प्रत्येक फुलात एक इवलीशी डबी असते. ती पिकली की तिचं झाकण बरोबर मधोमध आडवं सुटतं, आणि आत चार-सहा दाणे, गोल, चपटे, काळे, इतके चकचकीत की घासून ठेवलेत असं वाटावं. बागेत मिरवणारा कोंबडा हा याचाच शहरात शिकायला गेलेला भाऊ. ज्याला खायचं नाही, विकायचं नाही, पेरायचं तर मुळीच नाही, ते तण जुडीत येतं ते केवळ वाळूनही ताजं दिसतं म्हणून. इथे उपयोगाचा हिशेब संपतो आणि आवडीचा सुरू होतो.

दुसरा आक्षेप अधिक अभ्यासू लोकांचा. ते म्हणतील, नवं हा सुफलनाचा विधी आहे, पहिलं पीक देवाला दाखवायचं आणि घरात बरकत राहावी म्हणून दारावर ठेवायचं. यात शोभेचा प्रश्न येतोच कुठे? जेम्स फ्रेझरने १८९० साली 'द गोल्डन बाऊ' काढलं तेव्हापासून शेवटची पेंढी, पहिली पेंढी, धान्याची बाहुली यांना एकाच सूत्रात ओवायची सवय अभ्यासकांना लागली. नॉर्वेतले शेतकरी नाताळात खांबावर धान्याची पेंढी बांधतात, इंग्लंडात काडांच्या बाहुल्या वळत, आपल्याकडे नवं; सगळीकडे धान्यदेवता. असेलही. पण विधीने कशाची गरज आहे ते सांगितलं, ते कसं दिसावं हे सांगितलं नाही. एक लोंबी दाराला चिकटवली तरी देवतेचं काम भागतं. तरीही माणसं लोंब्या सारख्या लांबीच्या निवडतात, वाकलेल्या माना एकाच बाजूला येतील अशा लावतात, पोचट दाण्याची लोंबी बाजूला टाकतात, नाचणीची मूठ मधोमध येईल हे बघतात. आणि विधी व शोभा या दोहोंत मराठीने कधी भिंत घातलीच नाही. दाराला तोरणाने 'शोभा' येते असं आपण म्हणतो तेव्हा त्या एका शब्दात मंगल आणि सुंदर दोन्ही असतात, आणि ते वेगळे करायची गरज कुणाला भासलेली नाही.

भाषेचीच साक्ष काढायची तर ती आणखी एका ठिकाणी सापडते, आणि तिथे विधीचाही आधार नाही. मराठी बाईचे दागिने बघा. बोरमाळ, जवाची माळ, जोंधळी पोत. सोन्यासारखा धातू हाती आल्यावर त्याला आकार कशाचा द्यायचा, तर बोराचा, जवाच्या दाण्याचा, जोंधळ्याचा. फुलंही आहेत दागिन्यांत, पण दाण्यांचा मान कमी नाही. ते सोनं तोलायचं तर गुंजेने: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. गुंजेचा वेल या भागातल्या कुंपणांवर चढतो, पावसाळ्यात त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. कार्तिकानंतर शेंगा तडकतात, साली पिळवटून मागे वळतात आणि तीन-चार लाल दाणे, प्रत्येकाच्या टोकाला काळा डोळा, शेंगेला चिकटूनच राहतात, पडत नाहीत. वजन साधारण सारखं म्हणून सराफाने गुंज घेतली हे खरं. पण लाल-काळा दाणा दिसला की मूल तो उचलतं, आणि त्याला सराफी शिकवलेली नसते. (दाणा विषारी आहे, हेही त्या मुलाला कुणीतरी लगेच सांगतं.) मुलांचंच निघालं म्हणून: एका रानटी झुडपाच्या वाळक्या शेंगेत बी सुटं होऊन वाजतं, त्या झुडपाचं नाव मराठीत सरळ खुळखुळा. वाळलेल्या शेंगेचा आवाजही कानांनी असा नावासकट टिपून ठेवलेला आहे.

संस्कृत परंपरेकडे बोट दाखवून कुणी म्हणेल की ही नजर मुळात काव्यातली. 'ऋतुसंहारा'त शरद नवरीसारखी येते ती कांसाच्या पांढऱ्या तुऱ्यांचं वस्त्र नेसून, आणि हेमंताच्या सर्गात पिकलेली साळीची शेतं येतात. कांसाचा तो तुरा म्हणजे वाऱ्यावर निघालेलं बीच. त्यामुळे सुक्या कणसाचं कौतुक हे युरोपातून आणलेलं फॅड नव्हे हे दाखवायला कालिदास कामाचा आहे. पण खारेपाटातल्या आगऱ्याने लोंबी निवडताना कालिदास वाचला नव्हता. कवीला शेत लांबून दिसतं, सोनेरी पट्टा म्हणून. बी निवडणाऱ्याला ते एका हाताच्या अंतरावरून, एकेक दाणा करून दिसतं. वनस्पतिशास्त्रज्ञाची नजर त्याला जास्त जवळची. फूल कितीही देखणं असो, अनेक झाडांची ओळख शास्त्रज्ञ फळ आणि बी बघूनच पक्की करतो. रोह्याशी नातं असलेले चिंतामणराव देशमुख पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून नावाजले. पण १९१७ साली केंब्रिजात त्यांना मिळालेलं बक्षीस वनस्पतिशास्त्राचं होतं, याची आठवण फार थोड्यांना असते.

सगळ्यांत कठीण आक्षेप भुकेचा आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. हा खोतीचा मुलूख. पिकवणाऱ्याच्या खळ्यावरून निम्मं भात खोताच्या घरी जायचं, वर वेठ वेगळीच. अलिबाग तालुक्यात चरी इथे नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी जमीन कसायचं थांबवलं ते १९३३ च्या ऑक्टोबर अखेरीला, म्हणजे भात पिकून पिवळं पडायच्या ऐन दिवसांत. तो संप १९३९ पर्यंत चालला, डॉ. आंबेडकर तिथे येऊन गेले आणि १९३७ साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. कायद्याने खोती जायला १९४९ साल उजाडावं लागलं. अशा कुळाला लोंबीचं रूप सुचत होतं असं म्हणणं क्रूर वाटू शकतं. पण नव्याची वेळ बघा. ती कापणीच्या आधीची. लोंबी दारावर चढते तेव्हा उडव्या रचलेल्या नसतात, मळणी झालेली नसते, पायली-मणाचं माप लागलेलं नसतं. भात मोजलं जायच्या आधी त्यातलं सगळ्यांत देखणं जे, ते कुळ आपल्या दारावर टांगत होतं. त्यात उघड बंडखोरी होती असा दावा मी करणार नाही; तसं म्हणायला आधार नाही. एवढं मात्र दिसतं की वर्षातला हा एक दिवस असा होता की पिकाकडे वाटणीच्या नजरेने न बघता नुसतं बघता येत होतं. ज्याच्याकडे मूठभरच होतं त्याने त्या मुठीतली चांगली काडी निवडावी, यात मला विसंगती दिसत नाही.

मग ही नजर मंदावली कधी? एका दिवसात नाही, आणि कुणाच्या दुष्टाव्यानेही नाही. हिंदुस्थानात १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात बुटक्या, अधिक उत्पन्नाच्या भातजाती आल्या. 'जया' १९६८ ची, पाठोपाठ 'रत्ना' आली, नंतर कर्जतच्या स्वतःच्या जाती आल्या आणि १९९८ साली 'सह्याद्री' हा संकरित वाणही कर्जतनेच दिला. जुनी भातं छातीला लागायची आणि जरा जास्त पाऊस झाला की लोळायची. नवी ताठ उभी राहिली, खत पचवू लागली, आणि दाणाही जास्त आला. पण आखूड काडीचा पेंढा मुडी आवळायला पुरत नाही. मुडी गेली तशी बी घरात ठेवायची सवय ढिली पडली, आणि संकरित वाणाचं बी तर ठेवून चालतच नाही, दरसाल विकत घ्यावं लागतं. बियाणं पिशवीतून येऊ लागलं. पिशवीतलं बी एकसारखं, त्यातून उगवणारं शेतही एकसारखं, पाहिजे तसंच. भेसळ ओळखायला शेतात शिरायची गरज राहिली नाही. काळा आणि भुरा यांतला फरक सांगणारी बोटं निवृत्त झाली. रोह्याकडे आणखी एक बदल झाला. भिऱ्याच्या वीजघरातून सुटणारं पाणी डोलवहाळच्या बंधाऱ्यावर अडवून कालव्यांत वळवलं गेलं, आणि कालव्याखालच्या शेतांत उन्हाळी भात होऊ लागलं. वर्षातून दोनदा पिकणाऱ्या लोंबीचं अप्रूप तेवढं राहत नाही. शिवाय जिथे पाणी खेळलं तिथे भातामागून ओलीवर टाकलेला वाल मागे हटला. त्याच्या वाळून खडखडणाऱ्या शेंगांचं रान हेसुद्धा या हेमंताचं एक रूप होतं. पोपटी लावायला, म्हणजे शेंगा मडक्यात भाजायला, मात्र लोक अजून वाल हुडकत जातात.

यावर कुणी म्हणेल, बरंच झालं की. जुन्या वाणांत पोट भरत नव्हतं, नव्यांनी ते भरलं. लोंबीच्या रंगापायी उपाशी राहायचं का? नाही. राता गेला म्हणून गळा काढणाऱ्यांतला मी नाही. ज्यांनी तो खाऊन दिवस काढले त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना पांढऱ्या भाताची ओढ होती हे उघड आहे. माझं म्हणणं त्याहून मर्यादित आहे. पिकाच्या बदलात कोणती गोष्ट हरवली हे मोजताना आपण जातींची नावं मोजतो, जनुकं मोजतो, कोठारात जतन केलेल्या बियांची पाकिटं मोजतो. काळा राता अशा पाकिटात सुरक्षित आहे. पण तो काळा हे ज्या नजरेने ओळखलं ती पाकिटात बसत नाही, आणि तिचा उल्लेख कोणत्याच यादीत येत नाही. नवं बांधायची रीत मागे राहिली ती त्या नजरेची सांडलेली खूण म्हणून. रीत आहे, तिच्यामागचं काम नाही. त्यामुळे दसऱ्याच्या बाजारात झेंडूच्या तोरणात खोचलेल्या लोंब्या अनेकदा अर्ध्या हिरव्या, दाणा न भरलेल्या असतात. घेणारा झेंडूचा भाव करतो, लोंबी पारखत नाही.

दुसऱ्या टोकाला नवी बाग आली आहे. मुंबईच्या इतक्या जवळची जमीन शेताचीच राहील याची खात्री आता कुणी देत नाही. २००८ च्या सप्टेंबरात पेण भागातल्या २२ गावांना विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही यावर मतदान करावं लागलं, तेही भात पोटरीत असताना. जी शेतं विकली गेली त्यांतल्या काहींवर फार्महाउसं उभी आहेत आणि फार्महाउसापुढे हिरवळ. हिरवळ म्हणजे असं गवत की ज्याला कधी तुरा येऊ द्यायचा नाही. कुंपणाच्या आत कुरडू उगवलं तर माळी ते उपटतो, बाहेर कांस डोलला तर रान माजलं म्हणून कापायला सांगतात, आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उंच फुलदाणीत दक्षिण अमेरिकेतल्या पंपास गवताचे वाळवलेले तुरे विकत आणून ठेवलेले असतात. यात दांभिकपणा नाही, फक्त तुटलेला धागा आहे. वाळलेल्या तुऱ्यात काहीतरी सुंदर आहे हे त्या घराला कळतं. तो तुरा आपल्याच कुंपणाबाहेर उभा आहे हे कळत नाही. मात्र औडोल्फच्या बागेची नक्कल इथे करावी असंही मला वाटत नाही. तिथे हिम पडतं आणि बोंडं थंडीत महिनोन्‌महिने टिकतात. इथे तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो, मागून दहिवर, मग ऊन, आणि शिशिर सरता सरता डोंगराला वणवा. उभं ठेवलेलं वाळकं गवत इथे राबात तरी जातं नाहीतर आगीत. म्हणूनच इथल्या माणसाने वाळलेलं सौंदर्य जागच्या जागी ठेवलं नाही. निवडलं, कापलं, बांधलं आणि छपराखाली आणलं. युरोपातली ती कला बाग न छाटण्याची आहे, इथली बरोबर काय छाटायचं याची होती.

दारावरच्या जुडीचं पुढे काय होतं तेही बघण्यासारखं आहे. दिवाळीच्या आसपास चिमण्या येतात, लोंबीला उलट्या लोंबकळतात आणि एकेक दाणा सोलून तुसं ओटीवर टाकतात. बाई ती झाडताना चिडते, पण जुडी काढत नाही. शिमग्यापर्यंत लोंब्यांची नुसती काटकुळी जाळी उरते. कुरडू मात्र तसंच असतं, रंग थोडा उतरलेला. दार आपटलं की त्याच्या डब्यांची झाकणं सुटतात आणि काळे दाणे उंबऱ्याबाहेर पडतात, केराबरोबर अंगणात जातात, पागोळ्यांच्या रेघेत रुततात. मिरगाचा पाऊस पडला की त्या रेघेवर बोटभर उंचीची हिरवी रोपं उभी राहतात, आणि चार दिवसांनी कुणीतरी भाजीला म्हणून त्यांचे शेंडे खुडून नेतं.